सरकता सा
घरी मराठी, शाळेत इंग्रजी बोलणारी शेजारची चिमुरडी परवा कीबोर्डच्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवून विचारत होती, ‘काकू, हा सा की सी?’ आजी सा म्हणते, शाळेतल्या बाई सी. सी आपली पट्टी सोडत नाही. सा गळा म्हणेल तिथे बसतो. पेटीवर आधी काळी एकचा, मग काळी चारचा सा धरून तिच्याकडून सारेगम म्हणवून घेतलं. पट्ट्या बदलल्या, स्वरांमधलं अंतर तेच राहिलं. तिचा हट्ट सुरू, ‘अजून वर!’ हंगेरीत संगीतकार कोडाय यांच्या संगीत शिकवण्याच्या पद्धतीतही मुलं सरकता ‘डो’ धरूनच गातात. दोन भाषा बोलणाऱ्या पोरांना दोन नावं मुळीच जड नाहीत. पालकांनो, ‘सा म्हणजे सी’ असले स्टिकर पट्ट्यांवर चिकटवू नका. आधी गाऊन घ्या.