वरून चीज, आतून मंगळवार

मंगळवारची फ्लॉवर-बटाट्याची भाजी बुधवारी दोन्ही वेळा टेबलावर आली आणि झाकणासकट परत गेली. ‘कालचीच ना?’ एवढंच आमचे चिरंजीव म्हणाले. गुरुवारी मी तिच्यावर व्हाइट सॉस ओतला, चीज किसलं आणि भांडं ओव्हनमध्ये सारलं. चिरंजीवांनी आधी फोटो काढला, मग कडेचा खरपूस भाग स्वतःच्या पानात ओढला. भाजीची चौकशी नाही.

कृती सोपी. दोन चमचे लोण्यावर तेवढाच मैदा कच्चा वास जाईपर्यंत परतायचा, पेलाभर दूध थोडं थोडं घालत ढवळायचं. तळाला भात, मग भाजी, सॉस, चीज. २०० अंशांवर वीसेक मिनिटं. गार भातातला स्टार्च घट्ट झालेला असतो, म्हणून सॉस पिऊनही शीत मोडत नाही. भात मात्र वेळेवर फ्रिजमध्ये गेलेला हवा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जिवाणूंचं विष तयार होऊ शकतं, ते तापवूनही जात नाही.

राग येतो तो फोडणीच्या पोळीच्या वतीनं. बिचारी शेंगदाणे, कांदा, कढीपत्ता, वरून लिंबू असं सगळं लेवून येते, तरी तिचं वय कुणी विसरत नाही. चीजखाली गेलं की वय विचारायचं नाही, असा काहीतरी ठराव झालेला दिसतो.

बरं, उरतं तरी का? आमच्याकडे पातेलं कुणीच संपवत नाही. तळाशी दीड चमचा भाजी ठेवायची, कारण संपवलं तर घासायला टाकावं लागतं. अहो तर त्यात तरबेज आहेत. दीड चमचा उसळ त्यांनी एकदा तीन लिटरच्या कुकरसकट फ्रिजमध्ये ठेवली. दुधाच्या पिशव्या बाहेर काढून! विचारलं तर म्हणाले, “अगं, टाकायची कशी? अन्न आहे.”

दुधाबद्दल मात्र त्यांचं काही म्हणणं नव्हतं. त्याचं संध्याकाळी मी पनीर केलं.