ख्रिस्तावर मराठी सिनेमा का नको?

खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी नीट मांडावा, ही आपल्याकडची जुनी शिस्त. तेव्हा तो असा : येशू ख्रिस्ताचं आयुष्य हा मराठी सिनेमाचा विषय नव्हे. गोष्ट परमुलखातली, सांगण्याची रीत परकी, आणि वाडीवस्तीवर पडदा लावून ती दाखवणाऱ्याचा डोळा धर्मांतरावर. आमच्या जालना जिल्ह्यात हे मत शोधायला फार लांब जावं लागत नाही. दुसरा आक्षेप उलट्या अंगाने, काही ख्रिस्ती मंडळींकडून येतो : आहेत ते सिनेमे पुरेत, प्रभूला मुंडासं बांधून टाळमृदंगात उभं करू नका, त्याचं गांभीर्य जाईल. तिसरा आक्षेप हिशेब मांडणाऱ्यांचा : असला पट भव्यच हवा, भव्य म्हणजे कोट्यवधी, आणि ते मराठीला झेपायचं नाही. तिघांची तोंडं तीन दिशांना असली तरी येशू मराठी होऊ शकत नाही, यावर तिघांचं एकमत आहे. मला तेच मान्य नाही.

परकेपणाचं आधी बघू. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला छापलं गेलं ते १६१६ साली. दहा हजारांहून जास्त ओव्या, आणि घाट आपल्या पुराणाचा. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या जांबेत ठोसरांचा नारायण, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, आठ वर्षांचा होता. ‘दासबोध’ अजून लिहायचा होता. इतकी जुनी वस्तू परकी म्हणायची, तर आपल्या घरात स्वकीय फारसं काही उरणार नाही. त्या काळच्या गोव्यात पोर्तुगिजांनी देवळं पाडली, इन्क्विझिशन बसवलं, हे खरंच आहे आणि ते झाकायचं कारण नाही. पण सत्तेच्या जुलमाचा जाब ओवीकडे मागू नये. ओवी इथलीच होती आणि तिने ही गोष्ट पेलली, एवढं इथे पुरेसं आहे.

सिनेमाचा दाखला तर याहून चोख. १९१०-११च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असं त्यांनीच पुढे १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात सांगितलं आहे. पुढच्या खेळाला ते पत्नी सरस्वतीबाईंना बरोबर घेऊन गेले. मग लंडनची वारी, कॅमेरा, भांडवलदाराला पटवण्यासाठी वाटाण्याचं रोप उगवताना टिपलेली छोटी फिल्म, आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’. त्यानंतर ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’. म्हणजे भारतभूमीवर ख्रिस्तपटाचा सर्वांत दूरगामी परिणाम कोणता झाला असेल, तर त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या एका ब्राह्मणाने हरिश्चंद्र आणि कृष्ण पडद्यावर आणले. ख्रिस्ताचा सिनेमा पाहिला की माणूस बाटतो, असं छातीठोक सांगणाऱ्यांनी फाळक्यांचं काय करायचं ते आधी ठरवावं.

आता धर्मांतराचा मुद्दा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९७९चा ‘जीझस’ हा पट लूकच्या शुभवर्तमानावर बेतलेला. दोन हजारांहून अधिक भाषांत त्याचे आवाज भरले गेले, आणि तो प्रचारासाठीच काढला होता हे काढणाऱ्यांनी कधी लपवलं नाही. तेलुगूतला ‘करुणामयुडु’ हिंदीत ‘दयासागर’ होऊन पडदा-प्रोजेक्टरसह गावोगाव हिंडला तोही पुष्कळदा प्रचारकांच्याच हातून. मान्य. पण प्रचार हा गुन्हा आहे का? राज्यघटनेच्या २५व्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचा हक्क लिहिलेला आहे. दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं. दोन्ही गोष्टी एकत्र वाचायच्या असतात. सोयीची तेवढी नव्हे. धाक घालून किंवा आमिष दाखवून धर्म बदलायला लावणं वाईटच, पण त्याला सिनेमा लागत नाही. आणि नुसती गोष्ट ऐकवणं हे आमिष ठरत असेल, तर सप्ताहातल्या कीर्तनकाराने काय करायचं?

जालन्यात हा वाद निघाला की रेव्हरंड नारायण शेषाद्री यांना टाळता येत नाही. १८४३ मध्ये मुंबईत या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि गहजब झाला. धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला, त्याला परत आणलं, आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. सनातन्यांनी बाळशास्त्रींनाही सोडलं नाही. पुढे शेषाद्री जालन्याला आले. सालारजंगांच्या कारभारात निजाम सरकारकडून जमीन मिळवून शहराजवळ त्यांनी बेथेल ही वसाहत उभी केली. तिथे आले ते मुख्यतः मांग आणि महार. ‘पोटासाठी बाटले’ हा शेरा तेव्हापासून चालत आला आहे. गावात ज्याला पाणवठा नाही, नावावर जमीन नाही, त्याने पोटाचा विचार केला यात लाज कोणाला वाटायला हवी, हे शेरा मारणाऱ्याने स्वतःलाच विचारावं. मुद्दा एवढाच की ख्रिस्ताची गोष्ट जालन्यात सिनेमाच्या गाडीतून उतरली नाही. गाडीच्या कितीतरी आधी ती इथे बैलगाडीच्या वाटेवर होती.

दुसऱ्या आक्षेपकांशी मला अधिक भांडायचं आहे, कारण ते आपले म्हणवतात. डब केलेला ख्रिस्तपट मैदानात लागतो तेव्हा काय होतं ते पाहण्यासारखं असतं. मागे जनरेटर धडधडत असतो, पडद्याचं कापड वाऱ्याने फुगतं आणि येशूचा चेहरा लांबट-रुंद होत राहतो. तो गोरा नट ओठ इंग्रजीचे हलवतो आणि त्याच्या तोंडून निघते पोथीतली मराठी, जी अंबड तालुक्यात कोणी बायकोशी बोलत नाही, पोराशी नाही, देवाशीही नाही. ओठ मिटतात तरी वाक्य संपलेलं नसतं. लोक तरीही शांत बसतात, बाया क्रुसाच्या वेळी डोळ्यांना पदर लावतात. ते श्रेय गोष्टीचं आहे, सिनेमाचं नाही. याला गांभीर्य म्हणायचं आणि अभंगाला थिल्लर ठरवायचं, हा उफराटा न्याय झाला. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तावर अभंग रचले, ख्रिस्ती कीर्तनं उभी केली. त्यांची गाणी ‘उपासना संगीत’ हातात धरून आजही चर्चमध्ये म्हटली जातात. रविवारी सकाळी जे चालतं ते पडद्यावर का बाटावं?

पैशाचा आक्षेप सर्वांत लेचापेचा. जॉर्ज स्टीव्हन्स यांनी १९६५ मध्ये ‘द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड’ काढला. दोन कोटी डॉलरवर खर्च, अमेरिकेतल्या वाळवंटाचं पॅलेस्टाइन, आणि क्रुसाखाली रोमन शतपती म्हणून चक्क जॉन वेन. पट आपटला. त्याच्या आदल्याच वर्षी इटलीत पासोलिनी या नास्तिक, मार्क्सवादी कवीने मत्तयाच्या शुभवर्तमानावर कृष्णधवल चित्रपट केला. आधी तो पॅलेस्टाइन फिरून आला. तिथे त्याला हवा तो मुलूख सापडला नाही, म्हणून दक्षिण इटलीतल्या मातेरा या दरिद्री, दगडी गावात त्याने कॅमेरा लावला. येशू झाला एक स्पॅनिश विद्यार्थी, म्हातारपणीची मरिया झाली पासोलिनीची स्वतःची आई, बाकी बहुतेक गावकरी. आज ख्रिस्तपटांत अव्वल म्हणून नाव निघतं ते याचं.

आणि आपल्याला इटलीपर्यंत तरी कशाला जायचं? प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. पुढच्या वर्षी व्हेनिसला तो जगातल्या निवडक चित्रपटांत गणला गेला. त्यात विमान आहे, गरुड आहे, पण लक्षात राहते ती पोर आजारी पडल्यावर वहाण उपसून देवळात विठोबाला जाब विचारायला निघालेली जिजाई. संताचा संसार इतका खरा दाखवणारी परंपरा ज्यांच्या घरात आहे, त्यांनी भव्यतेच्या नावाने हातपाय गाळावेत याचं मला नवल वाटतं.

इथवर खोडून झालं. आता काय हवं ते.

जालना हे बियाण्यांचं शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली आणि पुढे कितीतरी कंपन्या आल्या. अशा जिल्ह्यात येशूचा पेरणाऱ्याचा दृष्टान्त कसा दाखवाल? विलायती पटात एक माणूस झोळीतून मुठी भरभरून बी फेकत चालतो. काही वाटेवर, काही खडकावर, काही काट्यांत. जालन्याचा शेतकरी हे पाहून म्हणेल, येडा आहे का हा? पिशवीचा भाव काय, माहीत आहे का याला? आपल्याकडे चाड्यावर मूठ धरतात. तिफण चालते, मागून बाई चिमटीचिमटीने दाणे सोडते आणि बी नळ्यांतून थेट सरीत पडतं. मग वाटेवर कसं जाणार? जातं. धुऱ्याशी तिफण वळते, फण वर उचलला जातो, बाईची मूठ क्षणभर उशिरा थांबते, चार दाणे पाणंदीवर सांडतात आणि मागेच साळुंक्या असतात. बांधाकडेचा मुरूम, कुंद्याची जागा, काळी कसदार पट्टी, सगळं एकाच वावरात आहे. या चार दाण्यांचा क्लोजअप ज्याला सुचेल तो हा सिनेमा करू शकेल. बाकीच्यांनी उंट भाड्याने आणावेत.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दृष्टान्तही असाच. कडवंचीच्या द्राक्षबागा आणि शेततळी जिल्ह्याला ठाऊक आहेत, आणि सकाळी डबा घेऊन मजूर अड्ड्यावर उभं राहणं कोणाला सांगायला नको. दिवस मावळताना आलेल्यालाही मालक पूर्ण रोज देतो आणि सकाळपासून राबलेले चिडतात. हे दृश्य इथे दाखवलं तर प्रेक्षागृहात दोन तट पडतील, आणि दोन्हीकडे शहाणी माणसं असतील.

पण खरा स्फोट विहिरीवर आहे. योहानाने सांगितलेली शोमरोनी बाई. भर दुपार, थकलेला यहुदी येशू पाणी मागतो, आणि ती विचारते की तुम्ही आमच्याशी संबंध ठेवत नाही, मग माझ्याकडे पाणी कसं मागता? विलायती सिनेमात हा एक गोड संवाद होऊन जातो. मराठीत त्याच्या मागे २० मार्च १९२७ चं महाड उभं आहे, आणि मराठवाड्यातल्या गावागावचे वेगळे पाणवठे उभे आहेत. रहाटाचा करकर आवाज, ओला दोर, आणि वरच्या जातीतला एक माणूस ओंजळ पुढे करून थांबलेला. एवढंच दाखवावं, पार्श्वसंगीत नको. त्याच गोष्टीत पुढे असं आहे की त्या वस्तीचे लोक त्याला राहायचा आग्रह करतात आणि तो दोन दिवस तिथे मुक्काम करतो. म्हणजे जेवलाही तिथेच. हे दोन दिवस माझ्या आठवणीतल्या कुठल्याही मोठ्या पटाने धड दाखवलेले नाहीत. मराठी पटाने अर्धा तास द्यावा.

राजकारणही इथल्या माणसाला समजावून द्यावं लागणार नाही. गालीलात हेरोद गादीवर, आणि त्याच्या डोक्यावर रोम. जालन्यात एकोणिसाव्या शतकात राज्य निजामाचं आणि छावणी इंग्रजी फौजेची. १८०३ ची असईची लढाई झाली तेही गाव याच जिल्ह्यातलं. दोन धन्यांचा कर, दोन धन्यांचे शिपाई. फक्त हेरोदाला शेरवानी घालून टाळ्या मिळवायचा मोह आवरावा, नाहीतर गोष्ट राहील बाजूला आणि आजचं भांडण पडद्यावर येईल.

पटकथेसाठीही हात पसरायला नको. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ या ख्रिस्तचरित्रकाव्याचे अकरा अध्याय झाले होते. पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट लिहिले आणि शेवटचा मुलगा देवदत्त यांनी. कथानक तिथून घ्यावं आणि संवादांचा कान लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रावर तयार करावा, कारण सोवळं, पाणी, भूक आणि नवऱ्याशी भांडण इतक्या साध्या बोलीत मराठीत दुसऱ्या कोणी क्वचितच लिहिलं असेल. काढणारा ख्रिस्तीच हवा असंही नाही. पासोलिनी कुठे होता? आणि पद्य पडद्यावर चालत नाही असं एखादा निर्माता म्हणालाच, तर त्याला ‘संत तुकाराम’ पुन्हा एकदा पूर्ण दाखवावा, तिकिटाचे पैसे त्याच्याकडूनच घेऊन.