पहिली की दुसरी?

दिवाळी जवळ आली की आमच्या मुरगूडच्या पेठेत शुभेच्छांचे फलक झळकू लागतात, आणि त्यांतल्या कित्येकांवर 'दिपावली' असते, पहिल्या वेलांटीची! मराठीच्या प्राध्यापकाने ते पाहून कपाळाला हात लावावा अशी लोकांची अपेक्षा. पण मला त्या लिहिणाऱ्याची बाजू घ्यावीशी वाटते. दीपांची आवली, म्हणजे ओळ, ती दीपावली, हे खरेच. पण डोळे दिपतात त्या 'दिपण्या'ला पहिलीच वेलांटी आहे. तेव्हा डोळे दिपवते ती दिपावली, असे का म्हणू नये?

थट्टा राहू द्या. दिवा, दिवाळी, विळी, सुरी हे शब्द आपण पहिल्या वेलांटीने आणि पहिल्या उकारानेच लिहितो. शब्दाचा शेवट दीर्घ झाला की आधीच्या इ-उने अंग चोरून बसावे, ही मराठीची जुनी चाल. संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या तत्सम शब्दांना मात्र ती लागू नाही. दीप आपली दुसरी वेलांटी कुठेही गेला तरी सोडत नाही. 'दिपावली' लिहिणारा मराठीच्या वळणानेच चाललेला असतो. फक्त पाहुण्याला घरचे नियम लावतो, एवढेच.

आता या एका वेलांटीने काय उलथापालथ होते ती पाहा. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे केविलवाणा. 'शिक्षक दिना'ची वेलांटी बदलली की शिक्षकच दीन होतो! शिला हा दगड, तर शीला ही सुशील मुलगी. सलिल म्हणजे पाणी, सलील म्हणजे लीलेने. पिक हा कोकिळ, पीक शेतातले. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा आणि सारथीसुद्धा. म्हणून कर्ण हा सूतपुत्र. त्याला पहिल्या उकाराने 'सुतपुत्र' लिहिले, तर तो बिचारा कुणाचा तरी नातू होऊन बसतो!

पुर म्हणजे नगर आणि पूर म्हणजे नदीला येतो तो. मौज अशी, की गावाच्या नावाच्या शेवटी आलेले हे नगर मराठीत दीर्घ लिहायचे असा नियमच आहे: नागपूर, सोलापूर, कोल्हापूर. त्या अक्षरांतला दुसरा अर्थ पंचगंगेने २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैत आम्हा कोल्हापूरकरांना पुरता समजावून दिला.

हे नियम काही अनादी नव्हेत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनाने मान्य केले आणि १९७२ साली त्यांत आणखी ४ आले. त्यापूर्वी आकाशातला रवि ऱ्हस्व होता आणि ताक घुसळायची रवी दीर्घ. नव्या नियमाने दोघेही 'रवी' झाले. समासात मात्र जुना ऱ्हस्व टिकला, म्हणून 'रविवार'. हात या अर्थाचा पाणि तसाच 'पाणिग्रहणा'त जपला गेला. लग्नपत्रिकेत 'पाणीग्रहण' छापले, तर नवरा-नवरी मांडवात पाणी प्यायला बसणार!

जुन्या लिखाणात माणसाचे 'नांव' अनुस्वाराने लिहीत आणि पाण्यावरची 'नाव' बिनअनुस्वाराची असे. १९६२ नंतर तो अनुस्वार गेला. काही घोटाळा झाला का? मुळीच नाही. 'नाव बुडाली' म्हटले की होडी आणि 'नाव बुडाले' म्हटले की अब्रू, हे शेंबडे पोरही जाणते.

इंग्रजीचीही हीच तऱ्हा. मुलगा आणि सूर्य, दोघांचा उच्चार 'सन'. स्पेलिंगात मधले एक अक्षर काय ते वेगळे, आणि तेवढ्यासाठी पोरे पाठांतर करतात.

आमच्या वर्गात वेदगंगेकाठच्या खेड्यांतून मुले येतात. त्यांतला एक जण एकदा म्हणाला, "सर, बोलताना दोन्ही येकच की वो. मग लिवताना दोन कशाला?" त्याचा प्रश्न खोटा नव्हता. बोलण्यात दिन आणि दीन यांत कान सहसा फरक करत नाही. फार काय, लेखनातही विभक्ती लागली की कितीतरी जोड्यांतला भेद नाहीसा होतो. 'पिकाला' म्हणजे कोकिळाला की उसाला? 'सुताने' म्हणजे मुलाने की धाग्याने? दोन्ही एकसारखेच लिहायचे, आणि तरी उसाला पाणी पाजायला निघालेला शेतकरी कोकिळामागे धावत नाही. अर्थ वाक्य सांभाळते.

मग वेलांटी सोडून द्यावी का? नाही. शब्द कुठून आला याची ती खूण आहे, आणि वाचणाऱ्याची सोय आहे. पण ती अकलेचे माप नव्हे. तो मुलगा आपल्या गावच्या पुराबद्दल फार जिवंत लिहितो. त्याच्या वहीत आधीच्या कुणीतरी मजकुराला एक शब्द न बोलता लाल शाईने नुसत्या वेलांट्याच रंगवलेल्या होत्या, आणि त्याने वर्षभर लिहिणे टाकले होते. मी आता निबंध आधी पुरता वाचतो, त्यावर दोन शब्द बोलतो, आणि मग वेलांट्यांकडे वळतो.

घरोघरच्या आईबापांनीही हाच क्रम ठेवून पाहावा. सुट्टीत फराळ चालू असताना मुलांना जोड्या घालाव्यात: शिर आणि शीर, सुर आणि सूर, चिर आणि चीर. डोके, रक्तवाहिनी, देव, स्वर, दीर्घकाळ, भेग. चकली संपेपर्यंत सहा शब्द कायमचे पाठ होतील.