घेवडा आधी बोलला

आमच्या रानात मीठ फुटतंय, हे सगळ्यात आधी आईच्या घेवड्याला कळलं. आम्हाला कळायला आणखी चार वर्षं लागली, आणि ती चार वर्षं आम्ही घेवड्यालाच नावं ठेवत काढली.

वाळवा तालुक्यातलं कृष्णाकाठचं काळं रान. उसाच्या कडेला आई दोन सऱ्या घेवडा टोकायची. शहरात ज्याला फरसबी म्हणतात तोच. घरची भाजी भागून उरलेला बाजाराला जायचा, त्यावर माझ्या वह्या यायच्या. एका वर्षी पानांच्या कडा करपल्या. पुढच्या वर्षी निम्मं बी उगवलंच नाही. आईनं एक झाड उपटून आणलं. "मुळाला एक बी गाठ न्हाई बघा. रानाला कायतरी झालंय."

आबा म्हणाले, "बी किडकं असंल. ऊस बघ की, हाय न्हवं हिरवागार!"

इथंच आम्ही फसलो. मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता ४ डेसीसायमनवर गेली की शास्त्र जमिनीला खारवट म्हणतं. घेवडा १ लाच कण्हायला लागतो आणि पुढं दर एककाला साधारण १९ टक्के उत्पन्न घटतं. ऊस १.७ पर्यंत सोसतो, नंतर एककाला सहाएक टक्केच घटतो. म्हणजे रानाला खारवट हे नाव पडेपर्यंत घेवडा निम्म्याच्या वर गेलेला असतो आणि उसाची घट चौदा टक्क्यांच्या आसपास. तेवढी घट आपण हवामानावर ढकलतो.

दुकानदारानं बाटली दिली. "फवारा, झाड खार सोसंल." मग कुणीतरी जिप्सम सांगितलं. जिप्सम चोपणाचं औषध. ते मातीला चिकटलेलं सोडियम सोडवतं, पण सुटलेलं सोडियम वाहून जायला वाट नको? बाकीच्या युक्त्या खोट्या नाहीत. वरंब्याच्या माथ्यावर मीठ चढतं म्हणून बी बगलेत टोकावं, भरपूर शेणखत घालावं, पाणी थोडं पण लवकर लवकर द्यावं. आईनं हे सगळं केलं, आणि दोन हंगाम घेवडा आलाही. पण मीठ रानातच होतं.

ते आणलं आम्हीच. रात्रीची वीज आली की आबा पाटाचं दार उघडून झोपायचे. (मीही झोपलोय. दारं धरायला कोण जागतंय!) दरसाल ऊस, खोडवा, पुन्हा ऊस. खालचं पाणी वर चढलं, उन्हानं ते उडालं, मीठ मागं राहिलं. आता कोपऱ्यात हात-दीड हात खणलं की खड्डा भरतो.

म्हणून घेवड्याला खार सोसायला शिकवा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. उपाय जुना आहे: जमिनीखालून सच्छिद्र पाइप, पाणी ओढ्याला. आमच्या आणि ओढ्याच्या मध्ये दोन रानं आहेत. दोघंही पाइप जाऊ देत नाहीत. "तुमचं पाणी तुम्ही बघा," म्हणतात. त्यांचाही ऊस अजून हिरवा आहे.

आई दरवर्षी कोपऱ्यात चाळीस बिया टोकते आणि उगवलेल्या मोजते. यंदा अकरा. आकडा तिनं त्या दोघांच्या घरी जाऊन सांगितला. एकाच्या बायकोनं विचारलं, "मावशी, आमच्या परसातला घेवडा बी पिवळा पडलाय, बघून जाता का?"