पऱ्हाटीच्या कोळशाला गिऱ्हाईक कोण?

कापसाचा हंगाम सरला, की पारोळा तालुक्यात बांधांवर पऱ्हाट्या पेटतात. गुलाबी बोंडअळीच्या धास्तीने शेत रिकामे करणे भागच असते. त्याच पऱ्हाट्या कमी हवेत जाळल्यास बायोचार, म्हणजे जमिनीत दीर्घकाळ टिकणारा कोळसा, मिळतो. तो करणे फार अवघड नाही. अडचण विक्रीची आहे. युरियाचे ४५ किलोचे पोते अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळत असताना एकरी टनावारी कोळसा विकत कोण घेईल? शिवाय तो बहुधा अल्कधर्मी. कोकणच्या आम्ल जमिनीला मानवेल. खानदेशच्या काळ्या मातीत लाभ तितका हमखास नाही. खरा खरेदीदार तूर्त परदेशी आहे. जानेवारी २०२५ मध्ये गुगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीशी २०३० पर्यंत एक लाख टन कार्बन-श्रेयांचा करार केला, तोही बायोचारवरच. त्या पैशांतून पऱ्हाटीला क्विंटलमागे काय भाव मिळणार, हे ठरेपर्यंत शेतकऱ्याला बांधावर पेटवणेच स्वस्त पडते.