दहावीत कोकण पहिलं, पण पुढे काय? आयटीआयचा दाखला बदलतोय, गावातल्या पोरांना काय मिळणार?

रत्नागिरी : दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आता रत्नागिरीकरांना नवी राहिलेली नाही. २०२४ मध्ये विभागाचा निकाल ९९.०१ टक्के लागला, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. त्या वर्षी राज्याचा निकाल होता ९४.१० टक्के. पण पेढे वाटून झाले की मंडणगडपासून राजापूरपर्यंत घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो. आता पुढे काय? गावाजवळची अकरावी, मुंबईतल्या काकाकडे रवानगी, की आयटीआय?

शिक्षण हक्क कायदा मुलाला आठवीपर्यंत, म्हणजे वयाच्या १४ वर्षांपर्यंत सांभाळतो. त्यापुढची वाट घरच्यांनीच शोधायची. आणि नेमकी हीच वाट सध्या सरकार बदलायला घेतंय.

काय बदलतंय?

आयटीआयमधलं कारागीर प्रशिक्षण देशात १९५० पासून चालू आहे. आता केंद्राने ‘पीएम-सेतू’ योजना आणली आहे. तिचा आरंभ ४ ऑक्टोबर २०२५ रोजी झाला. खर्च ६० हजार कोटी, आणि देशातल्या १ हजार सरकारी आयटीआयची सुधारणा. त्यातल्या २०० संस्था मुख्य केंद्र असतील, उरलेल्या ८०० त्यांना जोडलेल्या.

चारच दिवसांनी, ८ ऑक्टोबरला, राज्याचा अल्पकालीन रोजगारक्षम अभ्यासक्रमांचा कार्यक्रम सुरू झाला. ४०० सरकारी आयटीआय आणि १५० सरकारी तांत्रिक शाळांमध्ये मिळून अडीच हजार नव्या तुकड्या. त्यात सोलर, इलेक्ट्रिक गाड्या, एआय असे विषय आहेत.

तिसरा बदल कागदावरचा, पण महत्त्वाचा. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाच्या १२०० तासांच्या शिक्षणाला ४० क्रेडिट धरले आहेत. वर्गातलं शिक्षण असो की वर्कशॉपमधलं, मोजमाप एकच. म्हणजे वेल्डिंग शिकणारा पोरगा ‘शिक्षण सोडलेला’ ठरू नये, त्याला पुढे पदविका, पदवीकडे जाता यावं, असा हा विचार.

छोटा कोर्स आणि ट्रेड, दोन्ही एक नव्हे

गोंधळ होतो तो इथेच. दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड वेगळा आणि काही आठवड्यांचा सोलरचा कोर्स वेगळा. दोन्हीकडे प्रमाणपत्र मिळतं, पण किंमत सारखी नाही. महावितरणने २०२३ अखेर विद्युत सहाय्यकाच्या ५,३४७ जागांची जाहिरात काढली होती. तिथे दहावीसोबत इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं दोन वर्षांचं मान्यताप्राप्त शिक्षण मागितलं होतं. छोट्या कोर्सचा कागद तिथे चालत नाही.

म्हणून छोटे कोर्स वाईट, असं नाही. ज्याच्या हातात आधीच काम आहे, ज्याला गावात दुरुस्तीचं दुकान टाकायचंय, त्याला ते उपयोगी. पण सोळा वर्षांच्या पोराने मोठ्या ट्रेडऐवजी छोटा कोर्स धरला, तर चार वर्षांनी भरतीच्या रांगेत त्याला बाहेर काढलं जाईल.

बारावीचं दार उघडं, पण अर्धं

दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की बारावीची समकक्षता मिळण्याची सोय राज्यात आहे. मात्र ती आपोआप मिळत नाही. भाषा विषयांची परीक्षा वेगळी द्यावी लागते. ज्यांना हे कुणी सांगत नाही, त्यांच्या हातात दोन वर्षांनी आयटीआय असतं, पण बारावी नसते. मग बारावी मागणाऱ्या नोकरीचा अर्जच भरता येत नाही.

पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही दोन वर्षांच्या आयटीआयवाल्यांना आहे. ‘आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं’ ही समजूत त्यामुळे सोडून द्यायला हवी.

लोट्याच्या गेटबाहेर उभं राहायचं की आत जायचं?

खेड तालुक्यात लोटे परशुरामची रासायनिक वसाहत, रत्नागिरीजवळ मिरजोळे एमआयडीसी, जयगडला वीज प्रकल्प आणि बंदर. कारखाने आहेत, तरी स्थानिकांना काम मिळत नाही ही तक्रार जुनी. इथे एक कायदा कामाचा आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्याच्या २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. या मोजणीत कंत्राटी कामगारही धरले जातात. केंद्राच्या योजनेतून विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त दीड हजार रुपये महिना, सरकार देतं.

म्हणजे ‘आमच्या पोरांना घ्या’ अशी विनवणी करण्यापेक्षा ‘तुमच्याकडे शिकाऊ उमेदवार किती, त्यात या तालुक्यातले किती’ हा प्रश्न ग्रामपंचायतीने लेखी विचारणं जास्त परिणामकारक. रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत रेल्वेतच अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना २० टक्के जागा राखीव असतात, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

खरी परीक्षा तालुक्यात

योजना कितीही मोठी असली तरी ती वाडीपर्यंत एसटीनेच पोचते. मुख्य केंद्रात नवी मशिनरी आली आणि तालुक्याच्या संस्थेत निदेशकाची खुर्ची रिकामी राहिली, तर गुहागर-दापोलीच्या पोराच्या हाती फक्त नवा दाखला येईल, हुन्नर नाही. शिवाय इथला रोजगार फक्त कारखान्यात नाही. मिरकरवाडा, हर्णैच्या बोटींची इंजिनं आहेत, आंबा-काजू प्रक्रिया आहे, शीतगृहं आहेत. ट्रेड ठरवताना हे कुणी विचारात घेतं का, यावर सुधारणा खरी की खोटी ते ठरेल.

अर्ज भरण्याआधी पालकांनी एवढं तपासावं :

- ट्रेड एक वर्षाचा की दोन वर्षांचा, आणि प्रमाणपत्र राष्ट्रीय परिषदेचं आहे का?
- त्या ट्रेडला शिकवायला निदेशक हजर आहे का, मशीन चालू आहे का?
- बारावी समकक्षतेचा भाषा विषयाचा अर्ज कधी भरायचा?
- मागच्या तुकडीतली मुलं अप्रेंटिस म्हणून कुठे लागली?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जी संस्था नावानिशी देते, तिथे पोराला घालायला हरकत नाही.