चौकोनभर लिहा, पण रोज लिहा

परवा पुन्हा तोच सल्ला मिळाला. "अरे, पोरीबरोबरचे क्षण मस्त जग की! रोज लिहीत काय बसतोस?" सल्ला देणारा माझा मावसभाऊ, प्रसंग त्याच्याच घरचा गणपती. आणि गंमत म्हणजे हे सांगताना त्याच्या हातात फोन होता आणि तो माझ्या मुलीचा मोदक खातानाचा व्हिडिओ काढत होता.

सणाच्या दिवशी उलटून कशाला बोला, म्हणून गप्प बसलो. आता बोलतो. (दादा, वाचत असशील तर राग मानू नकोस. मोदक झकास होते.)

मंडळी, "क्षण जगा" हे वाक्य मला हल्ली डोक्यात जातं. कारण ते जगायचं कसं, हे कुणीच सांगत नाही. सकाळी डबा, शाळेची व्हॅन, लोकल, ऑफिस, परत लोकल, यात क्षण नावाची वस्तू नेमकी कुठे पकडायची? माझं म्हणणं साधं आहे. रोज चार ओळी लिहायची सवय नसती, तर मला माझी मुलगी दिसलीच नसती. आणि हे मी मोठ्या फुशारकीने सांगत नाहीये, कारण थोरल्याच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

थोरला आता ११ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत त्याने सहज विचारलं, "बाबा, मी लहानपणी कसा बोलायचो?" मी ऐटीत फोन उघडला. त्याच्या पहिल्या पाच वर्षांचेच ११ हजारांवर फोटो आहेत. केक, टोपी, अलिबागचा समुद्र, पुन्हा केक. व्हिडिओही होते, पण त्यात आम्हीच ओरडतोय, "इकडे बघ, इकडे बघ!" त्याचं एक वाक्य मला आठवेना. बायकोला दोन शब्द आठवले. पोरगं "बरं" म्हणून खाली खेळायला निघून गेलं. त्याला काही वाटलं नाही, वाटलं ते मला. कारण मी विसरलो होतो असं नाही, मुळात ऐकलंच नव्हतं. त्या वर्षांत फोर्टातल्या ऑफिसातून डोंबिवलीला घरी पोचायला मला पावणेनऊ व्हायचे.

धाकटी तेव्हा अडीच वर्षांची होती. त्याच रात्री कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर पानी वही आणली. नियम एकच. रोज चार ओळी, आणि फक्त आज घडलेलं. "गोड", "गोंडस", "आमचं पिल्लू" वगैरे शब्दांना बंदी.

पहिल्या आठवड्याची नोंद जशीच्या तशी देतो. सोमवार, झोपली होती. मंगळवार, झोपली होती. बुधवार, झोपली होती, एक पाय पांघरुणाबाहेर. गुरुवार, झोपली होती.

झालं! चार ओळींची वही, आणि लिहायला एक ओळ नाही. तोपर्यंत मी चारचौघांत छातीठोकपणे सांगायचो की मी मुलांना वेळ देतो. त्या पानाने माझा हिशेब माझ्यासमोर मांडला. शेवटी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की आठवड्यातून दोन दिवस मी सव्वासहाची लोकल पकडणार. साहेब "बघा बुवा" म्हणाले, आणि एप्रिलमध्ये माझी पगारवाढ इतरांपेक्षा कमी झाली. बायकोला मी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून घरात भांडण झालं नाही. पण पैसे कमी आले ते आलेच, ते काही वहीने भरून दिले नाहीत.

मग मिळालं काय? तर रात्री काहीतरी लिहायचंय, या एका धाकाने मी संध्याकाळी बघायला लागलो. बाजाराला जाताना यादी खिशात असली की नजर जशी आपोआप शोधायला लागते, तसंच. धाकटी तेव्हा "क"चा "त" करायची आणि "ग"चा "द". काका म्हणजे ताता, गाडी म्हणजे दादी. तिसरी शिट्टी झाली की स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून घोषणा करायची, "तुतर झाला!" हे वहीत चार वेळा आहे. यंदा १९ जानेवारीला तिसरी शिट्टी झाली आणि ती म्हणाली, "कुकर झाला." स्वच्छ, खणखणीत. घरात कुणाचं लक्षही गेलं नाही. वही नसती तर माझंही गेलं नसतं. पहिल्या पावलाला आपण टाळ्या वाजवतो, पण शेवटच्या "तुतर"ला कुणी वाजवत नाही, कारण तो शेवटचा आहे हे त्या दिवशी कुणाला ठाऊक नसतं.

यावर दादाचं उत्तर तयार असतं, "त्यासाठीच तर फोटो!" तर फोटोंबद्दल एक ऐका. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे तपशील त्यांना कमी आठवत होते. कॅमेऱ्यावर काम सोपवलं की डोकं सुट्टीवर जातं! पण त्यातच आणखी एक गोष्ट निघाली. ज्यांनी वस्तूचा एखादाच भाग झूम करून टिपला, त्यांची आठवण तशी कमी झाली नाही. लक्ष द्यावं लागलं ना! चार ओळी लिहिणं हा माझ्या मते तोच झूम आहे. "मुलगी खेळली" असं लिहून भागत नाही. काय खेळली, कुणाला ओरडली, कुठला डबा उलटा घातला, ते बघावंच लागतं.

दुसरा टोमणा असा की हे सगळं नवीन आईबापांचं फॅड. चार्ल्स डार्विनचा थोरला मुलगा १८३९ च्या डिसेंबरात जन्मला, आणि बापाने तेव्हापासून टिपणं ठेवली. पहिल्या आठवड्यातली शिंक, उचकी, जांभई, सगळं. त्यावरचा लेख त्याने छापला तो १८७७ साली, तब्बल ३७ वर्षांनी. म्हणजे लिहिताना काही छापायची घाई नव्हती. डार्विन शास्त्रज्ञ होता, मी साधा कारकुनी माणूस. पण पाळण्यात डोकावून "आज नेमकं काय झालं?" एवढं विचारायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.

खरा आक्षेप या दोन्हींपैकी नाहीच. तो माझ्या बायकोने घेतला, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका रात्री मी वही उघडून बसलो होतो आणि ती ओट्यावरची भांडी आवरत होती. म्हणाली, "तू दोन संध्याकाळी बघतोस आणि चार ओळी लिहितोस. मी दिवसभर बघते, मला लिहायला हात कुठे मोकळा आहे?"

गप्प झालो. खरंच होतं. जिच्यापाशी मूल सगळ्यात जास्त वेळ असतं, तिच्याच हाती पेन सगळ्यात कमी येतं. मग डार्विनचं नाव राहतं आणि वाट्टेल त्या वेळी उठून दूध पाजणारीचं राहत नाही. लिहिण्याच्या नावाखाली मी भांडी टाळत असेन, तर दादाचा सल्ला परवडला!

याचं उत्तर मिळालं ते आईकडे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेत १९८२ सालचं कालनिर्णय सापडलं. त्या वर्षी मी एक वर्षाचा होतो. आईचं अक्षर, तारखेच्या चौकोनात. "दूध नाही." "गॅस आला." "बाई रजा." आणि एका चौकोनात, दुधाच्या हिशेबाखालीच, "बाळ उंबरा ओलांडून गेला." आईला विचारलं, हे कशाला लिहून ठेवलंस? म्हणाली, "आठवण म्हणून नाही रे. एवढं लिहिलं की दिवस संपला असं वाटायचं. नाहीतर सगळे दिवस एकसारखेच."

तीन पोरं, सासू-सासरे, आणि पाणी येणार पहाटे. तिला कुणी "क्षण जगा" म्हणून सांगितलं नव्हतं. तिच्याकडे इंचभर चौकोन होता आणि तो तिला पुरला.

आता आमच्याकडे वही बंद आहे. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलंय, त्याला सुतळीने पेन बांधलंय. जो तिथून जाईल तो लिहितो. बायको लिहिते, आई लिहिते, थोरलाही लिहितो (बहुतेक तक्रारी!). रात्रीची भांडी माझ्याकडे आहेत, ती झाली की मी लिहितो. कालच्या चौकोनात बायकोचं अक्षर आहे, "म्हणाली, पाऊस दमला." मी तेव्हा लोकलमध्ये होतो. मला ते ऐकायला मिळालं नाही, पण ते कुणीतरी ऐकलं, आणि नीट ऐकलं.

तेव्हा दादा, व्हिडिओ जरूर काढ. पण तुझ्या घरीही कालनिर्णय आहे, मी पाहिलंय. सोमवारपासून सगळे चौकोन कोरे आहेत. तुझा नातू आज काय म्हणाला, ते आज झोपायच्या आधी लिही बघू. आठवलं नाही, तर उद्या जरा जवळ बस त्याच्या.